पहाटदेवीचा पेला

"मागताना नीट मागावं गं," असं म्हणून ताई बोटानं हवेत एक टिंब द्यायच्या. म्युझियमच्या कँटीनमध्ये चहा मागतानासुद्धा: कडक, गरम, दूध वेगळं, आणि आजच्या आज. काउंटरवरची पोरगी हसायची. मी लाजायचे.

आता नातवंडांची आजी आहे. तेव्हा नुसतीच शहाणी होते. केंब्रिजच्या त्या म्युझियममध्ये आम्ही दोघी एक दालन सांभाळायचो. म्हणजे काय, खुर्चीत बसायचं आणि कुणी काचेला नाक लावत नाही ना, ते पाहायचं. पण अंगात ब्लेझर चढला, की मला म्युझियम माझ्या माहेरचं वाटायचं. येईल त्याला मी ज्ञान पाजायचे. तुम्ही तेव्हा मला भेटला असतात, तर शेजारच्या दालनात पळाला असतात.

आमच्या दालनात ग्रीकांचे वाइन प्यायचे पेले होते. पसरट, दोन कानांचे. एकाच्या आत, तळाशी, पंखवाली पहाटदेवी एका तरुणामागे धावतेय. पिणाऱ्याची वाइन संपत आली, की ती दिसणार. मी ताईंना ऐटीत गोष्ट सांगितली. देवीनं त्या तरुणासाठी अमरपण मागितलं, तारुण्य मागायचं राहिलं. तो म्हातारा होत गेला, आक्रसला, हातपाय हलेनात, पण मरण येईना. शेवटी तिनं त्याला एका खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, ताई वाहवा करतील. त्या काचेपाशी गेल्या.

"दार लावलं? मेलीनं दार लावलं?"

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी देवाला म्हटलं होतं, माझं कुंकू राहू दे. राहिलं. काका तेव्हापासून पलंगावर. बोलणं नाही, ओळख नाही. फक्त ताईंनी भरवलं तर गिळायचे. केअररनं चमचा पुढे केला, की ओठ घट्ट.

"मग आता काय मागता?"

"त्यांच्यानंतरचा एक दिवस. ते गेले, की सावकाश एक कप चहा पिईन, आणि निघेन."

"ताई! काहीतरी अभद्र बोलू नका."

"अगं विदुषी, मी आधी गेले तर चमचा कोण धरेल? तू?"

"धरेन की," मी म्हटलं. ब्लेझर अंगात होता ना.

पुढे एका सकाळी ताई बसस्टॉपवरच कोसळल्या, आणि गेल्या. कामावर यायला निघाल्या होत्या.

शेवटच्या निरोपाला हिरवी साडी, ओटी, कपाळभर कुंकू. "भाग्यवान हो, सवाष्ण गेली," बायका म्हणत होत्या. एकीनं मला कोपरखळी मारली, "पाया पड, असं मरण मागून मिळत नाही." मी पाया पडले. दुसरं काय करणार होते?

काका आता केअर होममध्ये आहेत. मी चमचा धरून पाहिला. "काका, आ करा." पुष्कळदा पाहिला. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले, ओठ मिटून. आता पोटात घातलेल्या नळीनं सगळं जातं. तब्येत ठणठणीत आहे, असं नर्स सांगते.

तिथली दारं आगीच्या नियमामुळे उघडी ठेवता येत नाहीत. निघताना मी पाठ लावून दार जरा वेळ धरून ठेवते. काका बघत असतात. मग सोडावंच लागतं, आणि ते आपलं आपण लागतं.