भावजींचा उन्हाचा आजार

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, शिवणकामाच्या कारखान्यात सुपरवायझर. कारखाना तळघरात. दिवसभर ट्यूबलाइट, मशिनांची घरघर आणि भावजींचा आवाज. तिथल्या एकुलत्या एका संडासाची किल्ली त्यांच्या पट्ट्याला लटकलेली असायची. एखादीनं ती मागितली की म्हणायचे, "आत्ता तर जाऊन आलीस! नळ आहेस की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसायचे. मी तिथं काजं-बटणं करते. मेहुणी म्हणून सवलत सोडाच, मला जास्तच ताटकळत ठेवायचे. तेवढाच न्यायीपणा मिरवता यायचा.

मधुमेह त्यांना जुना होता. त्याला ते 'किंचित साखर' म्हणायचे आणि गोळी मनात आली तर घ्यायचे.

पन्नाशी उलटली आणि त्यांचंच तंत्र बिघडलं. सारखं जायचं, आत ताटकळायचं, लघवी थेंब थेंब व्हायची, आणि खुर्चीत टेकतात तोच परत उठायचं. आता नळ कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. "गारठा बाधलाय," ते भर उन्हाळ्यात सांगायचे.

शेवटी ताईनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. मला सोबत घेतलं, कारण माझ्यासमोर ते तिच्यावर जरा कमी खेकसतात.

"काय त्रास होतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाठ दुखते," भावजी म्हणाले.

"लघवी अडते," ताई म्हणाली.

"तू गप्प बस!"

ताई गप्प बसली नाही, म्हणून तपासण्या झाल्या. रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "साखर खूप वाढलीय. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी मोठी होऊन लघवीची वाट दाबतेय. उन्हातून मिळतं ते ड जीवनसत्त्वही फार कमी आहे. मधुमेही पुरुषांत ते कमी असलं की हा त्रास जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. पण नुसत्या उन्हानं ग्रंथी बरी होत नाही. तिन्हींची औषधं घ्यायची."

एवढ्यातलं भावजींच्या कानात एकच शिरलं: ऊन. काय खुलले म्हणून सांगू! प्रोस्टेट हा शब्द चारचौघांत काढायची लाज. ऊन न मिळणं म्हणजे कष्टाळू माणसाचा आजार. "आयुष्य तळघरात घातलं हो," ते शेजाऱ्यांना सांगू लागले. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर उघडेबंब बसायचे, पोट उन्हाकडे करून, जणू सूर्यावर उपकार. ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून अगदी साग्रसंगीत घेतली जायची. बाकीच्या गोळ्या कपाटातच राहिल्या. ताईनं हातावर ठेवल्या तर खिडकीतून बाहेर.

मग एका दुपारी कारखान्यात त्यांची लघवी पार तुंबली. आत गेले ते बाहेरच येईनात. बाहेर बायकांची रांग लागली, आतून कण्हणं ऐकू येऊ लागलं. सगळ्यात जुन्या मावशींनी दार ठोठावलं. "साहेब, बरं नाही का?"

"जा, काम कर!"

जरा वेळानं आवाज आला, रडवेला. "मावशी, माझ्या मेहुणीला बोलवा हो."

मी आणि मावशींनी त्यांना धरून रिक्षात घातलं. बसता येईना म्हणून मी पट्टा सोडला, तेव्हा किल्ली मावशींच्या हातात पडली. त्यांनी परत जाऊन ती संडासाच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. ती आजही तिथंच आहे. मागायला कुणाकडे जावं लागत नाही.

दवाखान्यात लघवी काढायला नळी घातली. पिशवी भरत गेली तसे भावजी ताईचा हात धरून हमसून हमसून रडले. ताईचे डोळे भरून आले. माझे नाही.

काही दिवसांनी नळी निघाली. आता गोळ्या ताईच्या देखत गिळतात आणि लघवी बरीच सुधारलीय. माणूस सुधारलाय म्हणावं, तर तसं काही नाही. परवा भावजींच्या पुतण्याच्या नव्या घरी सगळे जेवायला जमलो होतो, तिथं त्यांनी प्रवचन सुरू केलं. "औषधं झूट आहेत. मी बरा झालो तो फक्त उन्हानं!"

ताई वाढत होती. डाव हातात तसाच धरून शांतपणे म्हणाली, "उन्हानं नाही हो. नळी घातली होती. आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या मी देते."

भावजींनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. मग ताईनं स्वतःचं पान वाढून घेतलं आणि माझ्याशेजारी बसून पोटभर जेवली.