तांबडी रेघ उजवीकडे

समुद्रतळ भोकून काढलेले दगडाचे दंडगोल ज्या गोदामात लांबट पेट्यांत ठेवतात, तिथे तिची बावीस वर्षं गेली. दगड हाती आला की त्यावर दोन रेघा ओढायच्या. वरचं टोक वर धरलं की तांबडी उजवीकडे, काळी डावीकडे. काम एवढंसंच, पण ते चुकलं तर समुद्राचा सगळा इतिहास डोक्यावर उभा राहतो. सगळे तिला रेघबाई म्हणत. ती वरवर रागवायची, पण आतून तिला ते आवडायचं.

आज मात्र तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारी तिथले संशोधक साहेब आपला नवा शोध पाहुण्यांपुढे मांडणार होते. खंड फाटला, त्याच्या कडेला उघड्यावर लाव्हा पसरला, मग तापलेली जमीन निवत गेली, आकसली, जड झाली आणि पाण्याखाली खचली, हे तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. साहेबांचं म्हणणं, इथली कड बुडून पुन्हा वर आली. पुरावा होता पेटी एकेचाळीस. तिच्यात तळाला शिंपले, त्यावर तांबडी माती, त्यावर लाव्हा, म्हणजे आधी समुद्र आणि मग उघडी जमीन.

ती पेटी भरताना बहिणीच्या ऑपरेशनचा फोन आला होता, हे तिला काल आठवलं आणि मनात पाल चुकचुकली. चहा तसाच ठेवून तिने झाकण काढलं. लाव्हा थिजताना त्यातले बुडबुडे माथ्याशी दाटतात. इथे ते खालच्या अंगाला, मातीलगत दाटले होते. दगड उलटा होता. कड बुडाली ती बुडालीच होती.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. बावीस वर्षांचं नाव एका रेघेपायी जाणार म्हणून तिला रडू आलं. तशीच डोळे पुसत ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, एकेचाळीसमधला दगड मी उलटा ठेवलाय."

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला," ती म्हणाली. "आणि आता तुम्हाला."

ते तिच्यामागे गोदामात आले, बुडबुड्यांवरून बोट फिरवलं आणि स्टुलावर बसले.

"माझी चार वर्षं गेली, बाई."

चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्यावर फुली मारून शेजारी सही करायची, हा नियम तिनेच घातला होता. स्वतःसाठी तो कधी लागला नव्हता. तिने फुली मारली, सही केली, दगड फिरवला. ती नवी रेघ ओढू लागली, तेव्हा साहेब उठले आणि त्यांनी दगड धरून ठेवला.