तव्यावरची मीटिंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजीशी माझी सोयरीक नाही. तरी इंग्रजीतला एक मेसेज मी तोंडावळ्यावरून ओळखतो, गावातलं माणूस ओळखावं तसा.

बटणांच्या फोनची गोष्ट. मी रानात, बायको घरी. जेवायला बोलवायला ती मिस कॉल द्यायची अन् मी हटकून उचलायचो. ती वैतागायची. लेक तेव्हा घरीच होती. फोनमध्ये आयते लिहिलेले मेसेज असतात, त्यातला पहिला धाडायचा, एवढं तिनं आईला शिकवलं. आईला अक्षर येत नव्हतं, पण बटण दाबायला अक्षर कशाला लागतंय?

पहिला मेसेज आला तेव्हा मी डेअरीवर. दूध मोजणाऱ्यानं वाचला अन् हसत सुटला. "तात्या, काकू मीटिंगमधी हायेत. नंतर फोन करा म्हनत्यात."

"कसली मीटिंग?"

"ते सरपंचीनबाईंनाच इचारा!"

तणतणत घर गाठलं. "कुठंय तुझी मीटिंग?"

"ही काय, तव्यावर," बायको म्हणाली. "निवायच्या आत बसा."

तेव्हापासून आमच्या घरात जेवणाला मीटिंगच म्हणतात.

परसाल ती गेली. मीटिंगा बंद पडल्या. मी चहात टोस्ट बुडवून दिवस ढकलायला लागलो. लेक सुप्याहून आली, तिनं चुलीतली गार राख बघितली अन् मोठा फोन माझ्या हातात ठेवला. "दादा, रोज दुपारी व्हॉट्सॲपवर ताटाचा फोटो धाडायचा."

धाडला. लगेच दोन निळ्या खुणा उठल्या अन् मागोमाग तिचा आवाज, "चा-टोस्ट म्हंजी जेवन व्हय? उद्या ताटात भाकरी दिसली न्हाई तर कपडे भरून सुप्याला न्हेनार!"

जुना मेसेज बरा होता. पोचला की गरिबासारखा पडून राहायचा, उलटून भांडायचा नाही. अन् सुप्याला दोन खोल्यांत मी काय करू? इथं म्हैस आहे. बायकोनं लावलेला शेवगा आहे.

दुसऱ्या दिवशी पीठ मळलं. पहिली भाकरी थापली ती कर्जत तालुक्याच्या नकाशासारखी झाली. तरी ताटात घेऊन फोटो काढला, पाठवला. तो नुसता गोल गोल फिरत बसला. नेटचा रिचार्ज संपलेला. आता लेक गाडी घेऊन निघती.

तेवढ्यात तिचाच फोन. दुसरी भाकरी तव्यावर, दोन्ही हात पिठात. कोपरानं फोन उचलायला गेलो तर भलतंच उघडलं. आयते मेसेज, ओळीनं. त्यात तो ओळखीचा तोंडावळा. आगं, तू इथं व्हय! पिठाचं बोट तसंच टेकवलं. मेसेज बिगर नेटचा सुटला.

थोड्या वेळानं साधाच मेसेज आला. एकेक अक्षर लावत वाचला. "दादा, भाकरीसंगं कोरड्यास काय?"

रविवारी ती आली. कपड्यांची पिशवी आणली नव्हती. चुलीपाशी बसून माझी भाकरी उलटीपालटी करून बघितली.

"एका अंगानं जळलीया. आईच्या मीटिंगला असली चालली नसती."

"ती अध्यक्ष हुती," मी म्हटलं. "मी नुसता सभासद. खा गप."