अस्तरावरचे चेहरे

नजीबाचं सगळं आयुष्य मोसुलमधल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं. लग्न केलं नाही. "मला वर्गातच चाळीस लेकी आहेत, आणखी कशाला?" असं ती हसून म्हणायची. काळे झेंडेवाले अतिरेकी शहरात शिरले आणि माणसाचा चेहरा काढणं गुन्हा ठरलं, तेव्हा तिनं आपली सगळी चित्रं तंदूरमध्ये घातली. त्या दिवशीची रोटी तिच्या घशाखाली उतरली नाही. पुढे बॉम्ब पडायला लागले, तशी ती एका पहाटे नेसत्या कपड्यांनिशी दजला नदी ओलांडून पलीकडे गेली. नंतर शहर त्यांच्या तावडीतून सुटलं, ती घरी परतली, पण तिनं ब्रश काही हातात घेतला नाही.

तिची मैत्रीण शमीरान मूर्ती घडवणारी, तोंडानं फटकळ. लढाईत एर्बिल शहरात गेलेली ती, परतल्यावर तिनं नजीबाला गाठलं. "नुसती चहा पीत बसणार आहेस का? आपल्या भागातल्या बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवू या."

"पण त्या दिवसांत चित्रं काढली कुणी?" नजीबा म्हणाली.

"विचारून तर बघू!"

दोघी दारोदार हिंडल्या. एकीनं गव्हाच्या कणगीत हात घालून कागदाची गुंडाळी बाहेर काढली. दुसरीनं उशी फाडली, आत कॅनव्हास. एका म्हातारीनं फ्रीज ओढायला लावला, तर मागच्या भिंतीवर कोळशानं अख्खा पूल काढलेला. नजीबा बघत राही आणि तिच्या अंगावर काटा येई. आपण जाळत होतो, तेव्हा या सगळ्याजणी काढत होत्या!

नदीकाठचं लोकरीचं जुनं गोदाम मिळालं. भिंतींना चुना लागला, चित्रं टांगायला सुरुवात झाली, आणि एका दुपारी वजीहा दारात उभी राहिली. डोक्यावर भली मोठी लाल रजाई. नजीबाची ही जुनी विद्यार्थिनी, सातवीत लग्नासाठी शाळेतून काढलेली. नजीबाला बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई... तुम्ही?"

"मीच गं. भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

तेवढ्यात शमीरान आली. "हे काय? रजाई? बाई माझे, हे कलेचं प्रदर्शन आहे. आज रजाई घेतली, तर उद्या लोक लोणच्याच्या बरण्या आणतील!"

"वरून नाही बघायची, ताई," वजीहा हळूच म्हणाली. "कात्री आहे का?"

तिनं गोदामाच्या जमिनीवर बसून रजाईची कड उसवली. कापूस बाजूला केला आणि अस्तर उलटं करून पसरलं. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवलेले चेहरे. शेजारीशेजारी, दाटीवाटीनं, गल्ली होती तशीच. दाढीवाला न्हावी, एक डोळा मिटलेला. दात पडलेली सुईण. गालाला पीठ लागलेली भटारणीची सून. तळघरात बसून, वर स्फोट होत असताना, वजीहा गेलेल्या माणसांना एकेक करून शिवत गेली होती.

"ते झेंडेवाले झडती घ्यायला आले ना, तर याच रजाईवर बसून पाणी प्यायले मेले," ती म्हणाली.

शमीरान हसली नाही. गुडघे टेकून तिनं एकेक चेहरा बघितला. मग उठली, गोदामाच्या मधोमध उभा केलेला आपला आवडता पुतळा तिनं स्वतः ढकलत कोपऱ्यात नेला.

नजीबा अजून खालीच बसून होती. कापडाच्या कडेला एक चेहरा होता. नाकावर घसरलेला चष्मा, कानामागे खोचलेला खडू.

"ही मी आहे."

"तुमच्या घरावर बॉम्ब पडला, बाई. सगळे म्हणाले, तुम्ही आतच होतात." वजीहाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मी तीन दिवस रडले आणि मग तुम्हाला शिवलं. आता उसवू का? जिवंत माणसाला मेलेल्यांत ठेवणं बरं नव्हे."

नजीबानं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. तिच्यासाठी कुणी रडलं असेल, अंधारात बसून तिचा चष्मा आठवला असेल, हे तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "शेजार चांगला आहे."

उद्घाटनाला जुन्या शहरातून माणसं लोटली. बोलत आली, रजाईपाशी थांबली. न्हाव्याची बायको पुढे सरकली, तिनं नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यावर हात ठेवला. "हात लावू नये" अशी पाटी शमीराननंच लिहिली होती. ती तिनं काढून काखेत मारली. मग ज्यानं त्यानं आपल्या माणसाला हात लावला.

संध्याकाळी एक म्हातारा वजीहापुढे आला. "पोरी, माझा मुलगा यात नाही. त्याचा फोटोसुद्धा उरला नाही."

"चाचा, मी त्याला बघितलंच नव्हतं. कसा शिवू?"

नजीबानं म्हाताऱ्याला खुर्ची दिली, टेबलावरचा एक आमंत्रणाचा कागद उलटा केला आणि शमीरानच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली.

"बसा. मला सांगा, भुवया कशा होत्या त्याच्या?"