खिरापत कुणी ओळखली?

आमच्या मागच्या दोन खोल्यांत मोरगावकडचे एक कुटुंब भाड्याने राहते. नवरा-बायको दोघेही बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहेत. एकाच पाळीला, एकाच मोटारसायकलवर जातात. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी गेल्या वर्षी गावातल्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गात होत्या.

ती मुलगी जूनमध्ये शाळेत दाखल झाली. हादगा सुरू झाला तरी ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरी तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. बापाला यायला उशीर झाला की ती त्याला अंगणातच अडवून जाब विचारायची. शाळेत मात्र तिचे बोलण्याचे काम माझी मुलगी करत असे. "बाई, तिला पाणी प्यायचंय." "बाई, तिला पाढा येतोय." बाईंनी पाढा लिहून घेतला, तो बरोबर निघाला. लेखी कामात ती मागे नव्हतीच.

बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट पाहू. तोवर बोलली नाही तर तालुक्याला डॉक्टरांना दाखवून आणू, घाबरण्यासारखे काही नाही. आईने त्यातले घाबरणे तेवढे घरी आणले. मला म्हणाली, "तपासणी म्हणत्यात, दादा. म्हंजे माझ्या लेकराला मुकीत काढायचं का आता?"

आमच्या शाळेत हादग्याला मुले-मुली दोघेही असतात. फरशीवर खडूने हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत रोज एकाच्या घरून येते. या खेळाला बाईंनी स्वतःचे नियम जोडले होते. खिरापत आणणाऱ्याने हत्तीजवळ उभे राहून झाकलेला डबा वाजवायचा. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर तोंडाने, पूर्ण वाक्यात द्यायचे. मान हलवलेली चालणार नाही. घंटा होईपर्यंत कुणी ओळखली नाही, तर हत्तीच्या पाठीवरची झूल रंगवण्याचा मान खिरापतवाल्याचा. या खेळासाठी मुले आठवडाभर प्रश्न तयार करत होती. जी मुले एरवी शब्दाला शब्द जोडत नसत, तीही "हा पदार्थ तळलेला आहे का?" असे सरळ विचारू लागली होती.

खिरापतीची पाळी या मुलीवर शेवटच्या दिवशी आली. आई म्हणाली, चिरमुऱ्याचा चिवडा करून देते. मुलीने तो नाकारला. "खारोड्याच न्यायच्या. ह्या कालव्याकडच्यांला त्या ठावंच न्हाईत." खारोड्या म्हणजे शिजवलेल्या बाजरीच्या भरड्यात लसूण, तीळ, मिरची घालून उन्हात वाळवलेले छोटे गोळे. मोरगावकडे त्या उन्हाळ्यात करून ठेवतात. आमच्या गावाला कालव्याचे पाणी आहे आणि शिवारभर ऊस. बाजरी कुणी फारशी लावत नाही. तिला झूल रंगवायची होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता. आपल्याला बोलावे लागेल, याचा विचार तिने केला होता की नाही, कळले नाही.

त्या दिवशी पालकांना बोलावले होते. आईला पाळी सोडता येईना. "तुमी जावा, दादा. नुसतं बघून या," ती म्हणाली. मी वर्गात मागे बसलो. फेर संपल्यावर बाईंनी माझ्या मुलीला स्वतःशेजारी बसवून घेतले आणि तोंडावर बोट ठेवायला सांगितले.

मुलीने डबा वाजवला. खडखड आवाज आला.

"हा पदार्थ गोड आहे का?"

तिने मान हलवली.

"मान नाही," बाई म्हणाल्या.

तिने डबा पुन्हा वाजवला. माझी मुलगी जागच्या जागी चुळबुळत होती. वर्गाने प्रश्न सोडून थेट नावेच घ्यायला सुरुवात केली. गुळाचे खडे. खडीसाखर. बत्तासे. कुणीतरी म्हणाले, "काकवी!"

"काकवी वाजती व्हय रं, येड्या?"

"गोठली आसंल!"

ऊस पिकवणाऱ्यांची मुले. वाजणारी वस्तू गोडच असणार, यापुढे त्यांची गाडी जाईना. ती खिरापत कुणालाही सापडणार नव्हती. घंटेला थोडाच वेळ उरला होता. ती डबा पोटाशी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "बाई, ती मोरगावची हाय. शेळीच्या लेंड्या आसत्याल!"

वर्ग हसत सुटला. बाई उठत होत्या.

"लेंड्या तुझ्या घरी!" ती ओरडली. "खारोड्या हायत ह्या! माझ्या आजीनं केल्यात!"

 पुढच्याच क्षणी तोच मुलगा उभा राहिला. "खारोड्या! बाई, मी वळखलं, खारोड्या!"

"तू कुठं वळखलं? मी सांगितलं!"

"सांगितलं म्हंजे हरली!"

"हरली कशी? तू लेंड्या म्हणला व्हता. बाई, ह्यो लेंड्या म्हणला व्हता!"

अर्धा वर्ग तिच्या बाजूने, अर्धा त्याच्या. बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. एरवी असा गोंधळ त्या चालू देत नाहीत. त्या दिवशी घंटा झाली तरी त्यांनी हात वर केला नाही. मुलगी हत्तीच्या सोंडेवर उभी राहून एकेकाला उत्तर देत होती, तीही पूर्ण वाक्यात.

शेवटी बाईंनी निकाल दिला. खिरापत कुणी ओळखली नाही, हे खरे. पण घंटेआधी आणणाऱ्यानेच नाव फोडले, म्हणून झुलीचा मान नाही. लेंड्या म्हणणाऱ्याने माफी मागायची आणि खारोडी सगळ्यांत शेवटी घ्यायची. मुलीने हा निकाल मानला नाही, तसे बाईंना तोंडावर सांगितलेही. दारात बाई मला हळूच म्हणाल्या, "तपासणीचं राहू द्या, म्हणून सांगा तिच्या आईला."

मला सांगावे लागलेच नाही. संध्याकाळी मोटारसायकल अंगणात थांबायच्या आत मुलगी रडत धावली. बाईंनी अन्याय केला, झूल दिली नाही, तो पोरगा असा म्हणाला, मी असं म्हणाले. आई गाडीवरून उतरून तिथेच पायरीवर बसली.

"मग तू काय म्हणलीस?"

मुलीने सांगितले.

"वर्गात म्हणलीस? समद्यांदेखत?"

"व्हय. पर झूल न्हाय दिली!"

"आसं व्हय," आई म्हणाली. "परत सांग बरं, पयल्यापासनं."