नाल्याकाठच्या काकू

काकूंच्या फाटकातून कोणी लवकर सुटला, असं मी कधी पाहिलं नाही. पोस्टमन असो, दूधवाला असो, नाहीतर पत्ता विचारणारा एखादा अनोळखी माणूस. "बसा वो, चहा टाकते," म्हणत त्या त्याला ओसरीवर बसवायच्याच. मग गाव कोणतं, लेकरं किती, दाढ काऊन सुजली, सगळी चौकशी. काकूंना मूलबाळ नव्हतं आणि काका जाऊन बराच काळ लोटला होता. शाळेतली नोकरी संपल्यावर तर घर त्यांना खायला उठायचं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पिपरी मेघे गावात आमचं लेआउट नवीनच पडलं होतं आणि मी नवी नवरी म्हणून काकूंच्या शेजारी आले होते. काकूंचा प्लॉट शेवटचा. त्यापलीकडे नाल्यापर्यंत ओलसर जमिनीचा पट्टा होता. तो मोकळा ठेवायचा, त्यात प्लॉट पाडायचे नाहीत, अशी लेआउट मंजूर करतानाच सरकारी अट होती. पावसाळ्यात नाला तिथं पसरायचा आणि निवांत उतरायचा.

टिटव्या तिथंच अंडी घालायच्या आणि दिवसभर डोकं उठवायच्या. काकू त्यांच्याशीही भांडायच्या. "काऊन वो ओरडून राह्यल्या? कोणी नाई आलं तुमच्या दारात." मला आधी हसू यायचं. पुढे येईनासं झालं, कारण कित्येक दिवस त्या बाईचं बोलणं तेवढंच असायचं.

अल्लीपूरला त्यांची धाकटी बहीण होती, शांतामावशी. तीही एकटी पडलेली, मुलगा नागपूरला. एका दिवाळीत ती आली ती सांगतच, "बाई, मी आता तुह्या शेजारीच घर बांधते." लेआउटवाल्यानं तिला काकूंच्या लगतचा प्लॉट कबूल केला होता; कोणत्या बाजूचा, ते आनंदात कोणी विचारलंच नाही. काकूंचं तर वयच कमी झालं. कुंपणात दार कुठं ठेवायचं, पापड कोणाच्या अंगणात लाटायचे, दोघींचं सगळं ठरलं. तो आनंद पाहून मलाच भरून यायचं.

आणि एका सकाळी त्या मोकळ्या पट्ट्यात खुंट्या ठोकायला माणसं आली. मावशीचा प्लॉट त्यातलाच निघाला. काकूंनी लेआउटवाल्याला बोलावून घेतलं.

"काकू, एका घरानं काय होते?" तो म्हणाला. "आन् तुमचीच बहीण आहे ना."

"म्हणूनच म्हणते. पयलं घर माह्याच बहिणीचं झालं, त बाकीच्यांले कोणत्या तोंडानं अडवू? इथं भराव पडला का पाणी खालच्या वस्तीत शिरते. तिथले लेकरं म्या शिकवले."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काकू, करा ना डोळेझाक. तुम्हाला जन्माची सोबत होईल." दुसऱ्या दिवशी धुवट लुगडं नेसून त्या कचेरीत गेल्या आणि तक्रार देऊन आल्या. चौकशी झाली, खुंट्या उपटल्या गेल्या. मावशी आली, पण घरात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरूनच म्हणाली, "तुले मी नकोच होती, त तोंडावर सांगाचं होतं." ती नागपूरला मुलाकडे राहायला गेली आणि पुन्हा फिरकली नाही.

काही वर्षांनी भादव्यात नाला असा फुगला की सगळा पट्टा पाण्याखाली गेला. पाणी काकूंच्या कुंपणाशी थांबलं आणि खालची वस्ती कोरडी राहिली. मी धावतच काकूंकडे गेले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. म्हटलं, "काकू, मावशींना कळवा. घर बांधलं असतं तर आज छातीइतक्या पाण्यात असत्या. आता तरी त्यांना पटेल."

काकू खिडकीतून पाण्याकडे पाहत होत्या.

"तिले काय घर पाह्यजे होतं?" त्या म्हणाल्या. "तिले मी पाह्यजे होती. आन् मले ती."