पाणी देण्याआधी

माझी धाकटी बहीण नर्सिंगला गेली तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. पहिले सहा महिने चाचणीचे असतात. ते पार पडून डोक्यावर पांढरी टोपी आली तर पुढचं शिक्षण, नाहीतर घरी परत आणि नांदेडकडचं स्थळ. ताटावरून मान वर न करता त्यांनी हे सांगितलं.

उदारीकरणाची ती पहिली वर्षं होती. हैदराबादेत खासगी इस्पितळं एकामागून एक उभी राहत होती. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि त्यांच्या भरतीच्या जाहिराती आमच्या पानांवर रोज पाहत होतो. माहितीपत्रकं मीच गोळा केली. दीड वर्षाचा एएनएम गावपातळीवरच्या कामासाठी, तीन वर्षांचा जीएनएम वॉर्डासाठी, चार वर्षांचा बीएस्सी पुढे शिकवायचं असेल तर. बहिणीचे बारावीचे गुण बेताचे, म्हणून जीएनएम. नोकरीला लागल्यावरही बीएस्सी करता येतं, हे मी वडिलांना दोनदा सांगितलं.

"तू बातमी देतोयस की वकिली करतोयस?" त्यांनी विचारलं.

आमच्या मलकपेठच्या घरात एक रीत होती. दारात कुणीही आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा. पाणी हवं का, असं आम्ही विचारत नव्हतो. विचारणं म्हणजे द्यायची इच्छा नसणं, असं आई मानायची. ही रीत बहिणीच्या हातात इतकी मुरली होती की ती तिला रीत वाटतच नव्हती.

टोपीला तीन आठवडे राहिले असताना सकाळच्या ड्यूटीत तिने एका खाटेची चादर बदलली. खाटेवर बिदरकडची एक म्हातारी होती. पित्ताशयाच्या ऑपरेशनला तिला तासाभरात न्यायचं होतं. बहिणीला मराठी येतं हे कळल्यावर ती म्हणाली, "सकाळपासून थेंब नाही बघ माय. घसा सुकून गेला." बहिणीने बाजूचा पेला भरून तिच्या हातात दिला. म्हातारीने तो एका दमात संपवला.

मग बहिणीला खाटेच्या पायथ्याची पाटी दिसली. बदललेल्या चादरीचं टोक तिच्यावर आलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, तोंडाने काहीही देऊ नये. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं, हे तिला दुसऱ्याच महिन्यात शिकवलं होतं.

कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारीने तिचा हात धरला. "सांगू नको ग. माझं ऑपरेशन लांबेल आणि तुझीबी नोकरी जाईल."

"नोकरी अजून लागली कुठे, आजी," बहीण म्हणाली आणि वॉर्डाच्या सिस्टरकडे गेली.

हे मी आधी बहिणीकडून ऐकलं आणि नंतर त्या सिस्टरकडून. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सर्जन साऱ्या वॉर्डासमोर ओरडले. प्राचार्यांनी पालकांना बोलावलं.

वडिलांबरोबर मी गेलो. निकाल लागलाच आहे, अशा चालीने वडील चालत होते. बसमध्ये ते फक्त एवढंच म्हणाले, "नांदेडला आज पत्र टाकतो."

प्राचार्या उंच, करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी घटना चार वाक्यांत सांगितली. एकही विशेषण नव्हतं. आमच्या वृत्तसंपादकांनाही ते साधलं नसतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि ते दखनीत म्हणाले, "तो फिर ले जाता हूँ घर कू."

"कायकू?" बाईंनीही दखनीतच विचारलं. "गलती तो सब कू होती. आके बोलते कितने?"

बाईंनी तिला काढलं नाही, पण शिक्षा होती. टोपी मिळेपर्यंत बहिणीने रोज ड्यूटीच्या आधी वॉर्डातल्या प्रत्येक उपाशी पेशंटची यादी करायची आणि सिस्टरला तोंडपाठ म्हणून दाखवायची. एक नाव चुकलं तर टोपी नाही. बहीण दाराशी उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. बाईंना म्हणाली, "आजपासूनच करते."

परतताना पोस्टाची पेटी आली. वडील तिच्यापुढून निघून गेले.

तीन आठवड्यांत एकही नाव चुकलं नाही. समारंभाला आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. मुली एकेक करून पुढे जात आणि प्राचार्या टोपी लावत. बहिणीच्या वेळी त्यांनी टोपी पिनने पक्की केली, एक पाऊल मागे घेऊन पाहिली आणि मान डोलावली. आई टाळ्या वाजवत उभी राहिली. मागच्यांनी बसायला सांगितलं तरी ती बसली नाही.

बहीण पुढे वॉर्डाची इनचार्ज झाली. नोकरी करत तिने बीएस्सी केलं आणि आज ती पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. खाटेची पाटी वाचायची, मग पेशंटला विचारायचं, मग हात पुढे करायचा, हा तिचा पहिला तास असतो.

पण माझ्या लक्षात राहिली ती समारंभाच्या दिवसाची संध्याकाळ. वडिलांनी सुलतान बाजारातून पेढे आणले. शेजारपाजारचे आले, नातेवाईक आले. आई तांब्या घेऊन बाहेर येत होती. वडिलांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पहिल्याच पाहुण्याला विचारलं, "पाणी चालेल ना तुम्हाला?"

आई शरमली. "अहो, दारात आलेल्याला असं विचारतात होय?"

"विचारायचं असतं," वडील म्हणाले. "तुला नाही कळायचं. मुलगी नर्स आहे आपली."

आणि त्यांनी दुसऱ्या पाहुण्यालाही विचारलं.